मोरीतून आलेला फेस

जुम्याचा दिवस होता. २०२४ सालचा जुलै महिना, बाहेर पावसाची भुरभुर आणि घरात सकाळची नेहमीची धांदल. आम्ही दोघंही शिक्षक. एकाची शाळा नगर शहरात, दुसरीची शहराबाहेर बारा किलोमीटरवर. सकाळी सहापासून आमच्या घरात डबे, वेणी, इस्त्री आणि चहा हे सगळं एकाच वेळी चालतं. मागच्या पडवीत मशीन फिरत होतं. धुणंवाल्या मावशी कपडे टाकून, बटण दाबून भांड्यांना लागल्या होत्या. तेवढ्यात पाचवीतली आमची मुलगी ओरडली, "अब्बा, मोरी में से बादल निकल रै!"

जाऊन पाहिलं तर खरंच ढग. मोरीच्या जाळीतून पांढरा फेस वर येत होता. आधी वाटीएवढा, मग पातेल्याएवढा, मग पडवीभर. मशीनचं झाकण उचललं तर आत कपडे दिसेनात, काठोकाठ फेसच फेस. पडद्यावर दोन इंग्रजी अक्षरं लुकलुकत होती आणि मशीन थकलेल्या म्हशीसारखं घुमत होतं. बघता बघता फेसाने उंबरा ओलांडला आणि तो आतल्या खोलीत शिरला.

आतली खोली अम्मीची. इश्राकची नमाज पढून ती जानमाजवर तसबीह घेऊन बसली होती. फेस जानमाजच्या झालरीला टेकला तशी ती उठली, जानमाज गोळा करून छातीशी धरली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बोलली काहीच नाही. एरवी दूध उतू गेलं तरी आमच्या दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी अम्मी त्या दिवशी गप्प राहिली. हे आमच्या ध्यानात आलं होतं. त्याचा अर्थ लावायला मात्र आम्हाला दोन महिने लागले.

आम्ही पहिली चूक केली ती म्हणजे फेसावर बादलीने पाणी मारलं. जोराने पाणी मारलं की फेस दुपटीने वाढतो, हे तेव्हा कळलं. शेजारच्या भाभी धावत आल्या, त्यांनी मूठभर मीठ भुरभुरलं, घरातून सिरक्याची बाटली आणली आणि मशीनमध्ये अर्धी वाटी ओतली. मग म्हणाल्या, "अब हाथ नक्को लगाओ. आधा घंटा बैठने दो." बसू दिला. फेस बसला. मग आधी नुसतं पाणी काढून टाकलं, थंड पाण्यात तीनदा खंगाळलं, तेव्हा कपडे बाहेर आले. शाळेला दोघांनाही उशीर झाला, एकाच्या हजेरीवर लाल रेघ पडली. ते असो.

आता दोष कुणाचा? मध्यमवर्गीय घरात या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. मशीनला हात लावणारं बाहेरचं माणूस एकच. मावशी आमच्याकडे नऊ वर्षं येत होत्या. आम्ही त्यांना विचारलं, आवाज न चढवता, शिक्षकाच्या त्या थंड स्वरात विचारलं, जो ओरडण्यापेक्षा जास्त लागतो. त्या म्हणाल्या, "भाभी, मी मापानीच टाकिते. त्ये निळं झाकन भरून, एकच. इचारा पोरीला." पोरीने मान हलवली. पण पोरीच्या साक्षीला आमच्या लेखी किंमत नव्हती. पुढच्या आठवड्यात पुन्हा फेस आला तेव्हा आम्ही पावडरीचा डबा कपाटात ठेवला, किल्ली लावली आणि रोज सकाळी एक झाकण पावडर मोजून मावशींच्या हातावर द्यायला लागलो.

आठ दिवस त्यांनी ती पावडर घेतली. नवव्या दिवशी झाकण तसंच ओट्यावर ठेवलं. "मोजून द्यायची येळ आली म्हंजी भरवसा गेला. उद्यापून दुसरी बघा." अम्मीला सलाम करून त्या गेल्या. अम्मी दारापर्यंत गेली, तिच्या ओठांची हालचाल झाली, पण शब्द फुटला नाही. त्यानंतर चौथ्याच दिवशी, आमच्याच हातांनी मोजून घातलेल्या पावडरीवर, मोरीतून पुन्हा फेस वर आला.

आता शरमेने तरी आम्ही मावशींच्या घरी जायला हवं होतं. गेलो नाही. त्याऐवजी मिस्त्रीला बोलावलं. माफी मागण्यापेक्षा दुरुस्तीचे तीनशे रुपये देणं सोपं असतं.

मिस्त्री भिंगारचा, तरुण पोरगा, कामाचा पक्का. त्याने आधी पावडर बघितली. आमच्याकडे दोन प्रकार होते: मशीनची वेगळी, आणि बादलीत हाताने धुण्याची वेगळी. त्याने सांगितलं की बादलीच्या पावडरीत फेस मुद्दाम ठेवलेला असतो, कारण हाताने धुणाऱ्या बाईला फेस दिसला नाही तर ती पावडर पुन्हा घेत नाही. मशीनच्या पावडरीत फेस दाबणारं औषध असतं. कपड्यांचा मळ फेस काढत नाही, तो पाण्यात विरघळलेली पावडर आणि कपड्यांचं एकमेकांवर घासणं काढतं. फेस जास्त झाला की कपड्यांमध्ये त्याची गादी होते, घासणं थांबतं आणि उलट कपडे मळके निघतात. वर पंप पाण्याऐवजी फेस उपसायला लागतो आणि दमतो, कारण फेस म्हणजे बहुतेक हवाच. पाण्याची पातळी ओळखायला टाकीच्या बुडाशी एक बारीक हवेची नळी असते, तिच्यात फेस आणि चिकटा गेला की मशीनला आत पाणी किती हेच नीट उमगत नाही. मग ती अक्षरं लुकलुकतात. आम्ही अक्षरांना घाबरलो होतो. ती बिचारी एवढंच सांगत होती की पाणी बाहेर जात नाही.

त्याने मशीन तिरपं करून पंपाचं झाकण उघडलं. आतून काळपट, बुळबुळीत साय निघाली, साबण आणि कापडाच्या तंतूंची. एक बक्कल निघालं, एक रुपयाचं नाणं निघालं आणि एक हिरवा मणी. मणी तसबीहचा होता. आम्ही तो धुऊन अम्मीच्या कोनाड्यात ठेवला. अम्मीचे कपडे मशीनमध्ये कधीच जात नसत. पाकीच्या बाबतीत ती कडक. सगळ्यांच्या कपड्यांत आपली नमाजची ओढणी घालायची नाही, स्वतःचे कपडे स्वतः हाताने धुवायचे, हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मग तिच्या तसबीहचा मणी मशीनच्या पोटात कसा गेला, हा प्रश्न मुलांना तर्क शिकवणाऱ्या दोन माणसांना पडायला हवा होता. पडला नाही.

मिस्त्रीने मशीन रिकामं ठेवून, गरम पाण्यात चार चमचे लिंबाचं फूल घालून एकदा चालवायला सांगितलं. चालवलं तर रिकाम्या मशीनमध्ये, पावडरीचा कण न घालता, चार बोटं फेस आला. म्हणजे जुना साबण आतल्या आणि बाहेरच्या टाकीच्या फटीत साचून राहिलेला. मग त्याने विचारलं, "सर, पाणी कोणतं येतं?"

हा प्रश्न नगरच्या माणसाला विचारू नये. उत्तर लांबतं.

आमच्या टाकीत दोन पाणी येतात. नळाचं पाणी मुळा धरणाचं. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरजवळ हे धरण आहे, २६ टीएमसीचं. तिथून उपसलेलं पाणी विळदला येतं, तिथून वसंत टेकडीच्या टाक्यांत आणि मग आमच्या गल्लीत. आमच्याकडे ते तेव्हा एक दिवसाआड यायचं आणि आलं तरी वरच्या टाकीपर्यंत चढेल याची खात्री नसायची. ते नसलं की बोअर. नगरची जमीन काळ्या पाषाणाची, त्यात मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो, नळाच्या तोट्या दोन वर्षांत गच्च होतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरतात आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

आमच्यापैकी एक विज्ञान शिकवते. तिने शाळेतला प्रयोग घरी केला. सारख्या आकाराच्या दोन बाटल्यांत सारखं पाणी घेतलं, एकीत मुळेचं, एकीत बोअरचं. अंगाच्या साबणाचं पाणी करून ड्रॉपरने थेंब थेंब टाकत, हलवत गेलो. मुळेच्या पाण्यात नऊ थेंबांना टिकाऊ फेस आला. बोअरच्या पाण्यात चाळीस थेंब झाले तरी नुसती दह्यासारखी पांढरी साय तरंगत होती. साबणाची ही गत, पावडरीची एवढी नाही, पण तिचाही बराच जोर आधी पाण्यातल्या क्षारांशी झुंजण्यात जातो. उरेल तो कपड्यांना. बोअरच्या दिवशी एक झाकण पावडर जेमतेम पुरायची. तेच झाकण मुळेच्या पाण्यात निम्मंसुद्धा जास्त होतं. मावशी माप पाळत होत्या. पाणी बदलत होतं आणि माप तेच होतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण आम्हालाच माहीत नव्हतं.

थोडं विषयांतर होतंय, पण नगरकर पाण्यावर बोलायला लागला की निजामशाहीपर्यंत गेल्याशिवाय थांबत नाही. १४९० मध्ये मलिक अहमदने सीना नदीकाठी हे शहर वसवलं, तेव्हा शहरात गोड पाणी पुरेसं नव्हतंच. म्हणून त्या काळात कापूरवाडीसारख्या उंचावरच्या गावांकडून जमिनीखालून भाजक्या मातीचे नळ घातले. खापरी नळ. त्यांच्यातून पाणी शहरात, किल्ल्यात, बागांत खेळवलं. फराहबागेचा महाल तर तळ्याच्या मधोमध बांधला. जुन्या नगरात पाया खणताना अजून कधी कधी त्या नळाचा तुकडा हाती लागतो. शहराचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. अम्मीसाठी ते आधीही नगरच होतं आणि आताही नगरच आहे. पाण्यासाठी दाराकडे कान लावून बसणंही तेच.

तर आम्ही वेळापत्रक केलं. अम्मीच्या खोलीत लटकणाऱ्या उर्दू कॅलेंडरवर नळाच्या दिवशी 'मु' आणि बोअरच्या दिवशी 'बो' लिहायला लागलो. 'मु'ला अर्धं झाकण, 'बो'ला एक. आठ दिवस छान गेले. विजयी मुद्रेने आम्ही एकमेकांना टाळी दिली. आणि नवव्या दिवशी, 'मु'च्या सकाळी, अर्ध्या झाकणावर, पुन्हा बादल.

त्या दिवशी आम्ही मशीन थांबवून त्याच्यासमोर पायरीवर बसून राहिलो. आता वर्गात मुलांना सांगतो तसं केलं: फेस आला त्या सगळ्या तारखांना गोल केले. सगळे गोल 'मु'वर पडले होते. पण सगळ्या 'मु'वर गोल नव्हते. म्हणजे पाणी हे कारण होतं, पण एकटं नव्हतं. दुसरं काहीतरी होतं, जे काही दिवशी असायचं, काही दिवशी नसायचं. 'बो'च्या दिवशी ते दुसरं असलं तरी पाणी त्याला खाऊन टाकत होतं, दिसू देत नव्हतं.

मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "सर, खरं सांगू का? तुमची मशीन रात्री कुणीतरी लावतंय. फेस ताजा असतो."

आम्ही हसलो. रात्री कोण लावणार?

त्याच आठवड्यात एका रात्री वीज गेली. पंखा थांबला, कूलर थांबला, अंगणातल्या कुत्र्याचा श्वास ऐकू यावा इतकं शांत झालं. पावणेतीनच्या सुमारास वीज परत आली आणि पडवीतून मशीनचा टूँऽऽ असा आवाज आला. अर्धवट राहिलेलं काम पुढे सुरू झाल्याचा आवाज. आम्ही दोघंही उठून बसलो.

पडवीचा दिवा बंद होता. मशीनच्या पडद्याच्या हिरव्या उजेडात अम्मी स्टुलावर बसली होती. मांडीवर प्लास्टिकचा जुना डबा, बादलीत धुण्याच्या पावडरीचा. कपाटाला किल्ली लावताना आम्ही मशीनच्या पावडरीलाच लावली होती. या डब्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मशीनच्या बटणांपैकी एकावर चमकणारी लाल टिकली चिकटवलेली होती. ती टिकली आम्ही रोज पाहत होतो. मुलीचा खेळ समजत होतो. शाळेत पोरांना निरीक्षणशक्तीवर भाषण देणारे आम्ही.

आम्ही दाराआड तसेच उभे राहिलो. मशीन थांबल्यावर तिने झाकण उचललं, दोन सलवारी आणि चादरीचा एक तुकडा काढला, पिळला, मागच्या अंगणात दोरीच्या सर्वांत आतल्या टोकाला वाळत घातला. मग एका फडक्याने स्टूल पुसलं. खाली वाकून पडवीची फरशी पुसली. सत्तरीची बाई, गुडघे दुखणारी. पुसून झाल्यावर फडकं नाकाशी नेऊन वास घेतला. तेव्हा आम्हाला कळलं.

न बोलता परत येऊन आम्ही अंधारात पडून राहिलो. कितीतरी गोष्टी एकामागून एक जागेवर बसत गेल्या. सहा-सात महिन्यांपासून अम्मी मगरिबनंतर पाणी पीत नव्हती. भाचीच्या लग्नाला संगमनेरला यायचं तिने टाळलं, गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. पाहुणे आले की आपल्या खोलीतून बाहेर येईना. मांड्यांना खाज सुटते म्हणून खोबरेल मागून घ्यायची. आणि बसायची ती कायम प्लास्टिकच्या खुर्चीवर, गादीवर नाही. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि आम्ही कॅलेंडरवर 'मु' आणि 'बो' लिहीत होतो.

मूठभर पावडर ती का घालायची, हे समजायला तिचं आयुष्य माहीत असावं लागतं. अम्मी पाथर्डीकडची. १९७२ च्या दुष्काळात ती अठरा वर्षांची होती, नुकतं लग्न झालेलं. रस्त्याच्या कामावर तिने खडी फोडली, सुकडी खाल्ली. पुढे अब्बा नगरच्या कापड बाजारात एका दुकानी नोकरीला लागले आणि पगार पुरेना म्हणून तिने चार घरांची धुणी धरली, सीनेच्या काठी न्यायची. बुरख्यात जायची, जेणेकरून ओळखीच्या कुणाला कळू नये की अमक्याची बायको लोकांची धुणी धुते. तेव्हा धुण्याचा सोडा आणि पाचशे एकचा बार. बार दोऱ्याने कापून त्याच्या वड्या करायच्या, एक वडी आठ दिवस. सर्फ १९५९ मध्येच देशात आलं होतं, पण ते पैसेवाल्यांचं. १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमा सुरू झाली आणि पुढे काही वर्षांत ती आमच्यासारख्यांच्या मोरीपर्यंत पोचली. अम्मी अजून सांगते, पहिल्यांदा बादलीत पावडर टाकून हात फिरवला आणि फेस कोपरापर्यंत आला, तेव्हा तिला श्रीमंत झाल्यासारखं वाटलं होतं. तिच्या हिशेबात फेस म्हणजे बरकत. जितका फेस तितका कपडा पाक. मशीनची पावडर तिला पहिल्या दिवसापासून फसवी वाटायची: "झाग नै आया तो मैल निकलेंगा कैसा रे? ये क्या तो बी पाउडर है, मिट्टी हाय मिट्टी."

आणि इथे तर साधा मळ नव्हता. कपड्याला लघवी लागली की तो नापाक, त्यात नमाज होत नाही. तिच्या मनात धाक तोच. म्हणून एक मूठ, आणि भीती जास्त असेल त्या रात्री दोन. टिकलीचं बटण म्हणजे पंधरा मिनिटांचं छोटं धुणं, त्यात खंगाळणं एकदाच. दोन सलवारींना दोन मुठी पावडर आणि एकदा खंगाळणं. उरलेला फेस टाकीच्या फटीत बसून राहायचा, सकाळी आमच्या झाकणाची भर पडायची आणि त्या दिवशी पाणी मुळेचं असलं की मोरीतून बादल. असा तो हिशेब अखेर जुळला. दुसऱ्या दिवशी दोरीवरची तिची वाळलेली ओढणी आम्ही साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून हलवली. बादलीवर फेस आला. तोच साबण तिच्या अंगाला रात्रंदिवस लागत होता.

मुलीला बाजूला घेऊन विचारलं. ती रडायला लागली. "दादी बोली, किसीकू नै बोलना. मैं प्रॉमिस की थी." टिकली तिनेच लावली होती, दादीला बटण सापडावं म्हणून. आम्ही तिला रागावलो नाही. दहा वर्षांच्या पोरीने घरातलं सर्वांत जड गुपित सांभाळलं होतं.

अम्मीशी बोलायचं कसं, यावर आम्ही तीन दिवस घालवले. मुलाने बोलावं तर ती लाजेने मरेल. सुनेने बोलावं तर सुनेसमोर तिचा तोरा गेला. शेवटी श्रीरामपूरच्या आपाला बोलावलं. आपाने दार लावून घेतलं, दीड तास बसली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि म्हणाली, "कल डॉक्टर के पास ले जाना. लेडी डॉक्टर. और तुम दोनों मुंह ऐसा नक्को करो, जैसे कोई मर गया."

डॉक्टरबाईंनी तपासलं. संसर्ग होता, तो औषधाने गेला. मूत्राशयाचं सैल पडणं वयाचं आणि सहा बाळंतपणांचं. त्याला गोळी दिली, स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम दिला आणि संध्याकाळी पाणी तोडायचं नाही असं बजावलं, कारण लघवी घट्ट झाली की जळजळ आणि घाई दोन्ही वाढतात. मांड्यांवरची कातडी ओलाव्याने आणि कपड्यांत राहिलेल्या साबणाने सोलवटली होती. बाईंनी चिठ्ठीवर मलमाच्या खाली मराठीत लिहिलं: कपडे साध्या पाण्यात तीन वेळा खंगाळणे.

तीन वेळा. ते वाचून अम्मी पहिल्यांदा हसली. हनफी मसल्यातही तेच आहे: न दिसणारी नजासत लागली तर कपडा तीन वेळा धुवून दर वेळी पिळायचा. झालं पाक. त्यात फेसाचा उल्लेख कुठे नाही. आमच्या भागात मुलींना शिकवणाऱ्या एक आलिमाबाई आहेत, आपाने त्यांनाही घरी आणलं. अम्मीचा खरा प्रश्न कपड्याचा नव्हताच. तिला विचारायचं होतं, की गेल्या सात महिन्यांच्या आपल्या नमाजा वाया गेल्या का. आलिमाबाईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं की ज्याला थांबवताच येत नाही तो माजूर, त्याने प्रत्येक नमाजच्या वक्ताला नवा वुझू करावा आणि पढावं. शरियत माणसाच्या ताकदीपलीकडे मागत नाही. अम्मीने दोनदा विचारून घेतलं, "पक्का?" मग रात्री दोन वाट्या खीर खाल्ली आणि वर पाणी प्याली.

राहिल्या मावशी. मिठाईचा पुडा घेऊन एका रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. शिक्षकाला माफी मागायची सवय नसते, आम्ही पाण्याच्या कठीणपणापासून सुरुवात केली. त्यांनी मध्येच थांबवलं. "मला ठाव व्हतं भाभी."

काय माहीत होतं?

"दादीचं. सकाळी यायची तवा दोरीच्या टोकाला सलवारी असायच्या, वल्ल्या. मी घड्या घालून त्यांच्या उशाला ठिवायची. मशीनमंदी झाग दिसायचा त्यो पुसून घ्यायची. त्या दिशी लईच झाला, आवरला न्हाई."

मग तेव्हाच का नाही सांगितलं? आम्ही किल्ली लावली तरी?

त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न घशातच राहिला. "म्हाताऱ्या मानसाची लाज हाय ती. माझ्यावरला आळ काढायला म्या ती कशी चव्हाट्यावर आनू?"

चहा झाला. पगार वाढवून देतो म्हणालो, तर त्या म्हणाल्या सकाळची वेळ दुसऱ्या घरी दिलीय, दुपारी तीनला जमेल. तेव्हापासून त्या तीनला येतात. दुपारी घरात अम्मी आणि त्या दोघीच असतात.

टिकली आम्ही काढली नाही. मिस्त्रीला बोलावून त्याच बटणाजवळच्या दुसऱ्या बटणावर आणखी एक निळी टिकली लावून घेतली: आधी लाल, मग निळी, म्हणजे दोन खंगाळणी जास्त. बादलीच्या पावडरीचा डबा रिकामा करून त्यात मशीनची पावडर भरली आणि आत चहाचा चमचा ठेवला. कॅलेंडरवरचं 'मु' आणि 'बो' आता अम्मी स्वतः लिहिते, उर्दूत. रात्री कधी मशीनचा आवाज आला तर आम्ही कूस बदलतो. सकाळी मोरीच्या जाळीवर कधी दोन बोटं फेस दिसतोच. चमच्याने तिचं समाधान होत नसावं.